माणदेशातल्या मक्यासाठी मुंबईतून करायची तयारी

ज्यांची नोकरी मुंबईत आणि शेत माणदेशात आहे, त्यांना मक्याला नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, कोणती मात्रा मानवते हे स्वतःच्या रानात ताडून पाहायचे असेल, तर निम्मी तयारी मृगाआधी इथल्या खोलीतच उरकावी लागते. एकदा परळहून रात्रीची एसटी धरली की पुढे वजनकाटा आणि फीत शोधत बसायला सवड मिळत नाही.

मातीचा नमुना उन्हाळ्यातल्या फेरीतच घ्यावा. बांध, झाडाची सावली आणि शेणखताच्या ढिगाची जागा टाळून, आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचे खड्डे घेऊन त्यांच्या कडेची माती एकत्र करावी, सावलीत वाळवावी आणि चौथाई करत, म्हणजे ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढत, अर्धा किलो उरवून कोऱ्या कापडी पिशवीत भरावी. खताच्या रिकाम्या पोत्यात ती कधीही भरू नये. माती तपासणीच्या अहवालात उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोंच्या खाली दिसले, तर ते कमी समजतात. आपल्याकडच्या उथळ रानांत बहुधा तसेच दिसते.

शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ४० किलो पालाश (पोटॅश) अशी आहे. तुलनेसाठी नत्राच्या शून्य, ६०, १२० आणि १८० किलो अशा चार मात्रा पुरतात. स्फुरद व पालाश मात्र सर्वत्र सारखे ठेवावे. स्फुरदासाठी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) घेऊ नये, कारण त्यातून १८ टक्के नत्रही जाते आणि शून्याचा तुकडा शून्य राहत नाही; सिंगल सुपर फॉस्फेट घ्यावे. एक तुकडा एका गुंठ्याचा, म्हणजे ३३ फूट लांब व तेवढाच रुंद धरला, तर ६०, १२० आणि १८० किलोंच्या मात्रांना अनुक्रमे १.३, २.६ आणि ४ किलोंच्या आसपास युरिया लागतो. तो पेरणीला, तिसाव्या दिवशी आणि पंचेचाळिसाव्या दिवशी अशा तीन समान हप्त्यांत द्यायचा असल्याने एका वेळच्या पुड्या ४४०, ८८० आणि १३२० ग्रॅमच्या होतात. चारही मात्रा तीन-तीनदा घेतल्या की बारा गुंठे रान, सत्तावीस पुड्या आणि ४५ किलोंच्या पोत्यातला जेमतेम २४ किलो युरिया, एवढाच पसारा होतो.

युरिया मुंबईत आणून तोलण्याचा मोह टाळावा. जूनच्या दमट हवेत उघडे पोते पाणी धरते आणि त्याचे ढेकूळ होते. इथून फक्त रिकाम्या जाड पिशव्या, काटा, लांब फीत, सुतळी आणि पाट्या न्याव्यात. पाट्यांवर ऑइलपेंटनेच लिहावे, हे मी स्वतःच्या चुकीतून सांगतो. एका वर्षी बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या पहिल्याच वळवात धुतल्या गेल्या आणि धाकट्या चुलतभावाचा फोन आला, “दादा, कुठला तुकडा कुठला ते आता तूच येऊन सांग.” शून्याचा तुकडा खालच्या पानांवर शेंड्यापासून मध्यशिरेच्या कडेने उतरत आलेल्या पिवळेपणावरून सहज ओळखू आला, १२० आणि १८० मात्र शेजारी उभे राहूनही मला वेगळे काढता आले नाहीत.

तुकड्यांची मांडणी कागदावर आधीच करावी. आपल्या रानाचे वरचे अंग मुरमाड आणि खालचे काळे असते. म्हणून चारही मात्रांचा एक पट्टा उताराला आडवा, एकाच पातळीवर घ्यावा, पट्ट्यातला क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि दोन तुकड्यांमध्ये दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात.

आता खरा प्रश्न पाण्याचा. युरियाचे ४५ किलोंचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्यामुळे १२० वरून १८० वर जाण्याचा हेक्टरी खर्च पावणेआठशे रुपयांच्या घरात, म्हणजे २०२५-२६ च्या २४०० रुपये क्विंटल हमीभावाने जेमतेम बत्तीस किलो मक्याइतका पडतो. एवढ्या स्वस्ताईत हात सैल सुटतोच. परंतु जास्त नत्रावर मका आधी पाला वाढवतो, तो पाला जमिनीतली ओल लवकर उपसतो, आणि नेमका तुरा येताना पावसाने ओढ दिली की स्त्रीकेसर, म्हणजे कणसाचे रेशमी धागे, उशिरा बाहेर पडून कणसात दाणे भरत नाहीत. त्यामुळे पानांचा हिरवेपणा पाहून मात्रेचा निकाल लावू नये. प्रत्येक तुकड्याच्या मधल्या ओळींतल्या दहा झाडांना सुतळी बांधून त्यांची उंची, निम्म्या झाडांना तुरा व केसर येण्याच्या तारखा, वांझ झाडे आणि वाळलेल्या दाण्याचे वजन यांसाठी वहीत आधीच रकाने आखून ठेवावेत.

सरळ कडांचा एक डबा आणि पट्टी सामानात टाकावी, म्हणजे पाऊस तिथल्या तिथे मोजता येईल. दुसरा आणि तिसरा हप्ता वाफसा, म्हणजे ओल असूनही चिखल नाही अशी जमीन, असेल तरच ओळीलगत मातीआड द्यावा. कोरड्या, चुनखडीच्या जमिनीवर उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन उडून जातो. तारीख उलटली तरी ओल नसेल, तर सगळ्या तुकड्यांचा हप्ता एकदमच पुढे ढकलावा. तिसऱ्या हप्त्याच्या वेळी पाऊस आलाच नाही, तर नऊ पुड्या पोत्यात परत ओतून वहीत त्या रकान्यात तारखेसह “दिला नाही” एवढेच लिहावे.