पावसात निघण्याआधी: चामड्याच्या सीटची तयारी

ताम्हिणीच्या पावसात चामड्याच्या सीटची सायकल न्यायची असेल तर सगळ्यात आधी मागचं मडगार्ड. कव्हर, मेण, बाकी सगळं त्यानंतर. वरून पडणाऱ्या पावसाची काळजी सगळेच करतात, पण चालवताना वर आपण बसलेलो असतो. सीट भिजते ती खालून. मागचं चाक रस्त्यावरचं गढूळ पाणी सीटच्या पोटावर मारत राहतं, आणि तिथलं चामडं लेप न दिलेलं, खरखरीत असल्याने ते शोषून घेतं. ब्रूक्सच्या बी १७ सारख्या सीटमध्ये फोम नसतो. दोन टोकांमध्ये ताणलेलं चामडं, बस्स. ते ओलं असताना वजन पडलं की सैल पडतं आणि मग पूर्ववत होत नाही. गेल्या पावसाळ्यात मडगार्ड राहिलं आणि माझ्या सीटची मधोमध झोळी झाली. जुन्या काळ्या सायकलींना पूर्ण मडगार्ड उगाच नसायचं.

मडगार्ड बसतच नसेल तर फाइलचं जाड प्लास्टिक कापा आणि सीटखालच्या दोन्ही दांड्यांना झिप टायने बांधा, मागे चार बोटं बाहेर येईल असं. पण काहीतरी लावाच. नुसत्या कव्हरवर निघू नका, कव्हर खालून उघडंच असतं.

मेण निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी लावा, मुरायला वेळ लागतो. प्रूफाइड, म्हणजे ब्रूक्सचंच चामड्याचं मेण, मिळालं तर तेच घ्या, त्यात प्राण्यांची चरबी आणि मधमाशांचं मेण असतं. वर पातळ हात आणि खाली भरपूर. खाली म्हणजे सायकल उलटी करून, बोट आत घालून, रिव्हेटच्या कडांपर्यंत. वरवर फिरवून सोडू नका. खोबरेल, एरंडेल अजिबात नको, तेलाने चामडं नको तितकं मऊ पडतं.

कव्हर थांब्यासाठी. शॉवर कॅप चालते, साधी पिशवीही चालते, पण बांधा, घाटातला वारा ती ठेवणार नाही. चहाच्या टपरीवर आधी कव्हर, मग चहा. गाडीच्या कॅरियरवर सायकल नेताना तर कव्हर दोरीने घट्ट बांधा, कारण हायवेच्या वेगात पाणी सगळीकडून घुसतं.

सीट सैल वाटली तरी पुढच्या टोकाखालचा, चामडं ताणायचा बोल्ट ओल्या चामड्यावर आवळू नका. पान्हा घरीच ठेवा.

घरी आल्यावर कव्हर काढा, पुसा, पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको, ऊन नको. खालून हात लावून बघा, वर कोरडी वाटली तरी खाली ओल असते. पूर्ण वाळेपर्यंत बसायचं नाही. मग थोडं मेण. पावसाळाभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, बुरशी येते. आलीच तर कोरड्या फडक्याने पुसून टाका.