‘गॅलागा’मध्ये जोडविमान कसे मिळवावे

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नसे, तेव्हा टीव्हीसमोर बसून १९८१ सालच्या ‘गॅलागा’ या विमानांच्या व्हिडिओ गेमची कॅसेट खेळताना ज्यांनी हार पत्करली, त्यांनी तो पुन्हा खेळताना एक विमान मुद्दाम शत्रूच्या हाती द्यावे. हिरव्या म्होरक्याने किरण सोडला की त्यात शिरावे. मात्र किमान एक विमान शिल्लक असावे. नंतर तो म्होरक्या कैद्यासह खाली झेपावत असतानाच त्याला टिपावे, रांगेत असताना नव्हे, आणि आपल्याच कैद झालेल्या विमानाला गोळी लागू देऊ नये (माझी बहुतेक विमाने अशीच गेली). सुटलेले विमान शेजारी जोडले जाऊन मारा दुप्पट होतो, पण अंगही रुंदावते. म्हणून ही जोडी तिसऱ्या फेरीपूर्वी जमवावी, कारण त्या बोनस फेरीत शत्रू गोळ्या झाडत नाहीत आणि सर्व ४० टिपल्यास १०,००० गुण मिळतात.