ओट्यावरची चिलटं: आधी ओळखा, मग सापळा लावा

मानकुराद आंबे पिकत घातले किंवा काजूची बोंडं घरात आली की ओट्यावर चिलटं घोंगावू लागतात. एक पकडून पांढऱ्या कागदावर नीट पाहा. पिवळट-तपकिरी अंग, लाल डोळे, २ ते ४ मिलिमीटर लांबी असेल तर ती फळांवरची माशी. हा सापळा तिच्यासाठीच. काळी, सडपातळ, लांब पायांची असेल तर ती कुंडीच्या ओल्या मातीतली. न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारी केसाळ, पतंगासारखी असेल तर ती मोरीतली. या दोघींसाठी कुंडी कोरडी ठेवा, मोरी घासा.

१. ग्लासात बोटभर माडाचं व्हिनेगर ओता. सुरेपासून, म्हणजे माडाच्या ताडीपासून केलेलंच घ्या, त्याचा आंबूस वास त्यांना खेचतो.
२. अतिपिकल्या केळ्याचा तुकडा टाका.
३. भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब घाला. मग माशी तरंगत नाही, बुडते.
४. कागदाचं नरसाळं निमुळतं टोक खाली करून बसवा. ते द्रवाला टेकू देऊ नका.

फळं झाकून सापळा रात्रभर त्यांच्याजवळ ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी तो घराबाहेर रिकामा कराच, नाहीतर वर राहिलेल्या केळ्यात अंडी घातली जातात.