अबोल रॉकस्टार आणि बोलकी विद्यार्थिनी: कोल्हापुरातील प्रेमकथा कशी लिहावी

मनाची कवाडे लावून बसलेला रॉकस्टार आणि कुणाशीही दोन मिनिटांत गट्टी जमवणारी विद्यार्थिनी, ही जोडी लिहायला घेतली की नायकाभोवती चाहत्यांची गर्दी उभी करण्याचा मोह होतो. कथा कोल्हापुरात घडणार असेल, तर तो आवरावा. येथे माणसाला घेरतात ते साधे प्रश्न: पाहुणे कुठले, कुणाकडे उतरलात, किती दिवस मुक्काम. स्वाक्षरी मागणाऱ्याला टाळता येते, "जेवलासा काय?" असे विचारणाऱ्या शेजारच्या काकूंना टाळणे अवघड जाते. म्हणून पहिले प्रकरण लिहिण्यापूर्वी नायक कोणत्या एका प्रश्नाचे उत्तर कुणालाच देत नाही, हे ठरवून ठेवावे, कारण पुढची सगळी ओढाताण त्याच प्रश्नाभोवती फिरणार आहे.

अबोलपणाला केवळ जुना प्रेमभंग कारण म्हणून पुरत नाही. कारण शक्यतो व्यवसायातून यावे. सतत ताण देऊन गाणाऱ्यांच्या स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात, त्यासाठी आवाजाला विश्रांती आणि उपचार लागतात, आणि शस्त्रक्रिया झाल्यास काही दिवस पूर्ण मौन पाळावे लागते, ज्यात कुजबुजणेही टाळायचे असते. असा नायक शिवाजी पेठेतील आजोळी वही-पेन घेऊन आला, की त्याचे मौन खरे होते आणि गाता येईल की नाही ही भीती त्यामागे लपवता येते. पेठेच्या लेखी तो रॉकस्टार नसतोच. तो अमक्यांच्या लेकीचा मुलगा असतो. या गोष्टीचा त्याला जितका दिलासा, तितकाच जाच होऊ द्यावा.

नायिका सज्ञान, स्वतःच्या कामात गुंतलेली आणि त्याची चाहती नसलेली असावी. शिवाजी विद्यापीठाच्या संगीत व नाट्यशास्त्र विभागात एम. ए. करणारी तेवीस वर्षांची मुलगी येथे शोभते. तिला नुसती बडबडी करू नये. ती रिक्षावाल्यापासून ग्रंथपालापर्यंत सर्वांची विचारपूस करते, पण तिच्या स्वतःच्या गाण्याचा विषय निघाला की चटकन दुसऱ्याची चौकशी सुरू करते, असे दाखवले तर बडबड हीसुद्धा कवाड लावण्याची एक रीत आहे, हे वाचकाला न सांगता कळते.

भाषेकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. कोल्हापुरात मुलीही "मी आलो", "मी जातो" असे बोलतात, आणि मुंबईत वाढलेल्या नायकाला याची सवय नसते. अनोळखी क्रमांकावरून "मी कट्ट्यावर वाट बघतो" असा संदेश आला, तर तो एखादा चिकट चाहता समजून क्रमांक बंद करून टाकील. रुसव्याचे असे कारण याच मातीत सापडते. ओढूनताणून रचलेल्या गैरसमजांपेक्षा ते कितीतरी सरस आहे.

संबोधनाचेही तसेच. अनोळखी पुरुषाला ती सहजच "दादा" म्हणेल, आणि प्रेमकथेत हा शब्द फार काळ ठेवणे परवडणारे नाही. आधी "दादा" गळावे, मग बराच काळ नुसते "ओ" आणि "तुम्ही" चालावे, आणि "तू" एकदाच, उशिरा, शक्यतो भांडणात यावे.

ओळख पटण्याचा प्रसंग रंकाळ्यावर सूर्यास्ताच्या वेळी ठेवू नये. तो सूर्यास्त फार वापरून झाला आहे. त्याऐवजी दोघांना गंगावेशीतील दूध कट्ट्यावर न्यावे, जिथे म्हशीचे धारोष्ण दूध समोर काढून दिले जाते. फेसाळ पेला घेताना त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवरचे घट्टे तिला दिसतात. जवळच्या मिरजेत सतारी बनतात, त्यामुळे ती साहजिकच "सतार वाजवता काय?" असे विचारते. सतारियाचे घट्टे प्रामुख्याने तर्जनी आणि मध्यमेवर असतात. नायक काही न बोलता चारही बोटे तिच्यापुढे धरतो. गिटार हा शब्द ती उच्चारते, तो नाही. तिने त्याला पोस्टरवरून ओळखले असते, तर हा प्रसंग वाया गेला असता.

शेवटी मैफल ठेवायची असल्यास कथेचे वर्ष आधी पक्के करावे. शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ पासूनचा इतिहास असलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. त्यानंतरच्या कथेत तेथे बेफिकीर साउंडचेक दाखवला, तर कोल्हापूरकर वाचक पुस्तक मिटून ठेवील. मंचावरून हजारोंसमोर प्रेमाची कबुली तर मुळीच देऊ नये, कारण चारशे पाने तोंड मिटून बसलेला माणूस ध्वनिक्षेपकावर मन मोकळे करणार नाही. त्याला पुन्हा दूध कट्ट्यावर आणावे. पहिल्या प्रकरणात "किती दिवस मुक्काम?" असे विचारणारा दूधवाला तोच प्रश्न पुन्हा विचारील, आणि या खेपेस नायकाने वही न काढता, घोगऱ्या आवाजात, तिच्या देखत उत्तर द्यावे.