पाळकीय सेवेत यायचंय? खर्चाचा हिशोब घरच्यांना घेऊन करा

"पाळकसाहेब, मला पाचारण झालंय, सेमिनरीत जायचंय," म्हणजे देवाने सेवेला बोलावलंय आणि ख्रिस्ती पाळक होण्याचं शिक्षण घ्यायचंय, असं सांगणाऱ्या तरुणांना आणि तरुणींना मी एकच प्रश्न विचारतो : घरी कोणाकोणाशी बोललात? बहुतेक जण म्हणतात, देवाशी बोललोय, घरच्यांना नंतर सांगेन. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात येशू सांगतो की बुरूज बांधू पाहणारा माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. हा उतारा आपण लहानपणापासून ऐकतो आणि दर वेळी धरून चालतो की खर्च आपल्या एकट्याच्या पदराला बसणार. पाळकीय सेवेत इतकी वर्षं काढल्यावर मला ठामपणे वाटतं की शिष्यत्वाची किंमत सगळं घर भरतं. घरातल्या काहींना तर ती भरायची आहे का, हे कोणी विचारलेलंही नसतं.

कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण आजही त्यांची पदं उपासनेत गातो, त्यांच्या त्यागाचे दाखले संदेशात देतो. पण त्या निर्णयाने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. पदरात लहान मुलगा, माहेरच्या नातेवाइकांचा आधार, आणि नवरा जिवंत असून दूर. पुढची काही वर्षं त्या तशा राहिल्या. मग नगरला आल्या, स्वतः विचार केला, जातीपातीच्या समजुती एकेक करून स्वतःच तपासल्या आणि 1900 साली स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. पुढे 1917 मध्ये टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला आणि दोनच वर्षांत, 1919 मध्ये, ते वारले. 'स्मृतिचित्रे' हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र बहुतेकांनी शाळेतल्या धड्यापुरतं वाचलेलं असतं. सेमिनरीचा अर्ज भरण्याआधी ते पूर्ण वाचा, आणि या वेळी लक्ष्मीबाईंच्या बाजूने वाचा. त्या इतक्या मोकळेपणाने हसत लिहितात की त्यांनी काय काय सोसलं ते पटकन ध्यानात येत नाही.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न महाविद्यालयात पदवीनंतर बी.डी.ला (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) चार वर्षं लागतात. हिब्रू आणि ग्रीकची भीती बाळगू नका, नेटाने बसलं की जमतं. जड जातं ते वेगळंच. पवित्र शास्त्रातली पुस्तकं कशी आणि कोणत्या काळात रचली गेली हे वर्गात शिकताना संडे स्कूलमधली काही उत्तरं टिकत नाहीत. त्या काळात गप्प बसू नका, शिक्षकांशी बोला, सोबत प्रार्थना करणारे दोन-तीन मित्र जोडा. माझा विश्वास त्यातून खोल गेला. तुमचाही जाईल असं मला मनापासून वाटतं.

खरा खर्च नेमणूक झाल्यावर सुरू होतो. मानधन बेताचं असतं, आणि खेड्यातल्या मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासदांचं, अर्पण पावसावर अवलंबून असतं. दुष्काळाच्या वर्षी पैसे उशिरा येतात. दर काही वर्षांनी बदली होते. बदली पाळकाची, पण शाळा बदलते मुलांची आणि नोकरी सुटते बायकोची. माझी पत्नी शिक्षिका आहे. प्रत्येक नव्या गावी तिने पुन्हा कनिष्ठ जागेवरून सुरुवात केली, तेव्हा तिच्याबरोबरच्या बायका मुख्याध्यापिका झाल्या होत्या. आमच्या घरातल्या सेवेचा मोठा हिस्सा तिने दिला आहे, आणि मंडळीच्या कोणत्याही अहवालात तो दिसत नाही. राहायला पाळकांचा बंगला मिळतो, पण निवृत्तीला तो सोडावा लागतो. म्हणून पहिल्या वर्षापासून थोडे का होईना, घरासाठी पैसे बाजूला टाका. हा अविश्वास मुळीच नाही.

नाताळात सगळ्यांचे वडील घरी असतात, पाळकाचे नसतात. तीन-चार गावांच्या उपासना, आजाऱ्यांना प्रभुभोजन, आणि त्याच दिवशी कोणी देवाघरी गेलं तर दफनविधी. लोक विश्वासाने मनातलं सांगतात, ते बायकोजवळही बोलता येत नाही. तिला कळतं की काहीतरी खुपतंय, आणि ती विचारत नाही. तो संयम ही सुद्धा सेवाच आहे. शिवाय पाळकाच्या मुलांवर सगळ्या मंडळीचा डोळा असतो. त्यांना घरात तरी चुकायची मुभा ठेवा.

कुटुंबात पहिल्यांदाच ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा भार याहून मोठा आहे. बहिणीच्या लग्नाची बोलणी अडतात, भाऊबंद कार्याला बोलावत नाहीत, आणि आईच्या डोळ्यांत एकच प्रश्न असतो : माझं क्रियाकर्म कोण करणार? दलित घरातून येणाऱ्यांना कायद्याची बाजूही माहीत हवी. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्याखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नाही. म्हणजे तो दाखला आणि त्यावरच्या सवलती जातात, मुलांचं शिक्षणही त्यात आलं. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. जात बाप्तिस्म्याने पुसली जात नाही, हे गावात राहणारा कोणीही सांगेल. पण तो आहे तोवर डोळे उघडे ठेवून पाऊल टाका, आणि घरच्यांना हे दुसऱ्याकडून कळण्याआधी स्वतः सांगा.

आईबापांचा 'द्वेष' करण्याचं लूकमधलं कठोर वचन पुढे करून घर तोडणारे मी पाहिले आहेत. त्यांनी मार्कचा 7 वा अध्यायही वाचावा. आईवडिलांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून देवाला वाहिलं असं सांगत जबाबदारी टाळणाऱ्यांना येशू तिथे खडसावतो. वधस्तंभावरूनही त्याने आपल्या आईची सोय लावली. पहिलं स्थान ख्रिस्ताचं, यात मला शंका नाही. पण त्याच्या नावाने म्हाताऱ्या आईचं औषध थांबत असेल, तर ते शिष्यत्व त्याने शिकवलेलं नाही. आणि पेत्राची बायको त्याच्याबरोबर प्रवास करत असे, हे पौल पहिल्या करिंथकरांसच्या 9 व्या अध्यायात सहज सांगून जातो. मला ती ओळ फार जवळची वाटते.

तेव्हा अर्ज भरण्याआधी घरच्यांना एकत्र बसवा. लग्न ठरलं असेल तर होणाऱ्या जोडीदाराला आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनाही बोलवा. बदली झाली तर तिच्या किंवा त्याच्या नोकरीचं काय, आईवडील कोणाकडे राहतील, धाकट्यांच्या फीला कोण हातभार लावेल, हे प्रश्न मोठ्याने विचारा. एखाद्या पाळकाच्या पत्नीलाही त्या बैठकीला बोलवा. पाळकापेक्षा ती जास्त सांगेल. घरचे "आत्ता नको" म्हणाले तर वर्षभर थांबा. त्या वर्षात संडे स्कूल शिकवा, गृहभेटींना पाळकांबरोबर जा, रुग्णालयात एखाद्याच्या उशाशी रात्र काढा. पुढच्या वर्षी प्रवेश पुन्हा निघतात, तेव्हा पुन्हा बसून बोला.