मका साठवायचा असेल तर आधी रात्रीचा ओलावा ओळखा

दिवाळीच्या आगेमागे शिंदखेडा, शिरपूर, अमळनेर, कुठल्याही तालुक्यातल्या गावात पारावर बसा, विषय एकच असतो: मका आता द्यायचा की ठेवायचा? ऐन दाणे भरताना पावसानं ओढ दिलेली असते, कणसं टोकापर्यंत भरलेली नसतात, उतारा घटलेला असतो. त्यात मार्केटात आवक वाढली की भाव खाली. २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये आहे, पण हमीभाव केंद्रावर १४ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, आणि शेतातून थेट आणलेला खरिपाचा मका त्यात क्वचितच बसतो. मग जो तो म्हणतो, दोन-तीन महिने ठेवू.

ठेवायला माझी ना नाही. मी दरवर्षी ठेवतो. पण "चार दिवस ऊन द्या आणि पोती भरा" हा सल्ला ऐकला की मला राग येतो, कारण त्याच सल्ल्यानं माझी पोत्यांची एक अख्खी थप्पी गेली.

आधी हिशेब, कारण तो कुणीच करत नाही. १८ टक्के ओलाव्याचा १०० क्विंटल मका १२ टक्क्यांवर आणला की तो साधारण ९३ क्विंटल २० किलो भरतो. जवळजवळ सात क्विंटल नुसतं पाणी उडून जातं. म्हणजे ओल्या मालाला आज १८०० रुपये मिळत असतील, तर वाळलेल्याला १९३० च्या पुढे मिळाले तेव्हा कुठे तुम्ही बरोबरीला आलात. बारदान, हमाली आणि अडकलेल्या पैशाचं व्याज त्याच्या वर. "दीडशेनं भाव वाढला" म्हणून खूश होणाऱ्यानं हे एकदा कागदावर मांडून बघावं.

दुसरं, आपला मका खातं कोण ते लक्षात ठेवा. बराचसा कोंबडीखाद्यात जातो, काही दोंडाईच्याकडे स्टार्चच्या कारखान्याला, आणि अलीकडे इथेनॉलवाल्यांचीही मागणी आली आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रीत २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आला, २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा आला. कोंबड्याच राहिल्या नाहीत तर खाद्य कोण घेणार? म्हणून मी सगळा माल कधीच अडवत नाही. अर्धा काढणीला विकून उधारी फेडतो, अर्धा ठेवतो. घरी जागा नसेल तर बाजार समितीची शेतमाल तारण योजना बघा. माल त्यांच्या गोदामात राहतो, १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजानं पैसे मिळतात. घाईत विकण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

आता काम. कणसाचं आवरण पूर्ण पिवळं पडून सुकलं आणि दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की तोडणी करा. कणसं सोलून खळ्यावर पाच-सहा दिवस पसरा. मळणी त्यानंतरच. ओल्या कणसाची मळणी केली की दाणा चेंबतो, फुटतो, आणि किडीला फुटका दाणाच आधी लागतो.

मळणीच्या आधी मात्र एक काम टाळू नका: कणसं हातानं निवडा. ताण पडलेल्या वर्षी हे दुप्पट गरजेचं असतं. लोक म्हणतात, कोरडं वर्ष आहे, बुरशी कुठून येणार? उलट आहे. दाणे भरताना पाण्याचा ताण आणि ऊन एकत्र आलं की हिरवट-पिवळी बुरशी शेतातच कणसात शिरते. अळीनं कुरतडलेल्या टोकाशी ती हमखास दिसते. तिच्यातून अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते ऊन देऊन जात नाही, दळून जात नाही, शिजवूनही जात नाही. असं कणीस गाईला घातलं तर विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपल्याच लेकरांच्या पेल्यात येतं. "जनावरालाच तर घालायचं आहे" असं म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. ती कणसं खड्ड्यात पुरा. यंत्रात एकदा का ती गेली की विष सगळ्या ढिगात मिसळतं, मग निवडायला काही उरत नाही.

आता वाळवण. इथेच मी फसलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

२०१९ च्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस लांबला, ते सगळ्यांना आठवत असेल. उघडीप मिळाली तशी मी मका ताडपत्रीवर घातला. चार दिवस कडक ऊन मिळालं. चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता दाणा दाताखाली कटकन वाजला. मी समाधानानं तिथल्या तिथे, गरम असतानाच पोती भरली, खोलीत थप्पी लावली आणि वरून ताडपत्री झाकली. तीन आठवड्यांनी खोली उघडली तर आंबूस वास. मधल्या पोत्यात हात घातला तर आत तव्यासारखी ऊब. दाण्यांचे गठ्ठे बांधले गेले होते. खाद्यासाठी माल घेणाऱ्यानं एक मूठ नाकाला लावली आणि गाडी परत नेली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

चूक कुठे झाली हे समजायला मला पुढचा हंगाम लागला. दाणा बाहेरून आधी वाळतो. साल कडक होते, दातालाही तीच लागते, पण गाभ्यात आणि कोंबाजवळ पाणी तसंच असतं. ते रात्रीतून हळूहळू सालीकडे सरकतं. म्हणून संध्याकाळी कटकन वाजणारा दाणा सकाळी पुन्हा मऊ लागतो. दवानं मऊ झाला असं लोक समजतात. दवाचा वाटा असतोच, पण झाकून ठेवलेला ढीगही मऊ पडतो, तो आतल्या पाण्यामुळे. संध्याकाळची दाताची परीक्षा म्हणूनच खोटी. परीक्षा सकाळची.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. दाण्याचा थर दोन-अडीच इंचांहून जाड नको. तासातासाला दाताळ्यानं सरी ओढून खालचा दाणा वर आणायचा. ताडपत्री असेल तर दुपारी एकदा माल बाजूला करून ती पालथी टाकायची, तिच्या खालच्या अंगाला पाणी साचलेलं असतं. ऊन कलायच्या आत माल गोळा करायचा, पण लगेच झाकायचा नाही. तासभर निवू द्यायचा, मग दव पडायच्या आत झाकायचा. सकाळी नऊ-दहाच्या आधी पसरायचा नाही, जमीन ओली असते. पाच-सहा दिवस झाले की एक पूर्ण दिवस माल नुसता ढिगात झाकून ठेवायचा, ऊन द्यायचंच नाही. आतलं पाणी बाहेर येऊ द्यायचं. त्यानंतर पुन्हा दोन दिवस ऊन. हा मधला विसाव्याचा दिवस म्हणजे आळस असं माझ्या वडिलांनाही वाटायचं. त्या एका दिवसानंच माझा मका टिकायला लागला.

रस्त्यावर वाळवू नका. गाड्यांखाली दाणा फुटतो, खडी मिसळते, आणि रात्री त्या ढिगावर आदळून माणसं मरतात.

ओलावा बघायला मीटर असेल तर उत्तम, फक्त गरम दाण्यावर लावू नका, आकडा चुकतो. मीटर नसेल तर काचेची कोरडी बरणी घ्या. तव्यावर भाजून थंड केलेलं मीठ दोन-तीन चमचे टाका, बरणीच्या तिसऱ्या हिश्शाइतका थंड मका घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. सुटं पडलं तर खाली. पण इथे थांबू नका. ही परीक्षा फक्त १५ ची रेघ दाखवते, आपल्याला १२ हवेत. मीठ सुटं पडल्यावर आणखी दोन उन्हं, आणि बरणी नेहमी सकाळीच हलवायची.

माल तयार झाला की बाकीचं सोपं आहे. चाळून फुटका दाणा आणि भुसा वेगळा काढा. पोती नवी किंवा उकळत्या पाण्यातून काढून कडक वाळवलेली हवीत. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर. थोडा माल असेल तर हवाबंद थैल्या छान, पण ओला मका त्यात भरलात तर तो आतल्या आत आंबतो.

धान्यातल्या किडीसाठी टाकतात त्या विषारी गोळीबद्दल मात्र बोललंच पाहिजे. ज्या घरात माणसं झोपतात तिथल्या धान्यात सल्फासची गोळी टाकू नका. एकही नाही, कापडात बांधूनही नाही. तिचा वायू दाराच्या फटीतून पलीकडच्या खोलीत जातो आणि त्यावर उतारा नाही. ही गोळी वापरायची परवानगी सरकारी यंत्रणेला आणि परवानाधारक कीड नियंत्रकांनाच आहे. दुकानदार देतो म्हणून ती आपल्यासाठी आहे असं समजू नका. सोंडे, म्हणजे दाणा पोखरणारे किडे, लागलेच तर परवानाधारक माणूस बोलवा, नाहीतर माल बाहेर काढून कडक ऊन द्या आणि चाळून लवकर विका.

पहिला महिना दर आठ दिवसांनी, पुढे पंधरा दिवसांनी थप्पी तपासा. वरच्या पोत्यावर हात फिरवून काही कळत नाही. लांब लोखंडी सळई थप्पीच्या मधोमध खुपसा, दहा मिनिटं राहू द्या, ओढून तळहातात धरा. गार लागली तर ठीक. कोमट लागली तर त्याच दिवशी थप्पी मोडा, पोती सोडा आणि मका पुन्हा उन्हात घाला. उद्यावर टाकू नका.