इंजिनचा दिवा परत परत लागतो? उडवण्याआधी कोड वहीत लिहा

मायला दर पंधरा दिवसांनी वणीहून घुग्गुसमार्गे चंद्रपूरला दवाखान्यात न्यावं लागते. गाडी जुनी, पेट्रोलवरची. फेब्रुवारी ते मेपर्यंत तिचा पिवळा इंजिनचा दिवा चार वेळा लागला. दर वेळी मिस्त्री स्कॅनर लावून बिघाडाचा नंबर, म्हणजे कोड, पाहायचा, "कोड उडवला भाऊ, आता बिनधास्त जा" म्हणायचा आणि तीनशे रुपये घ्यायचा. आठवडाभरात दिवा परत हजर. तिसऱ्या वेळी त्यानं धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, बदलला. साडेतीन हजार गेले, आणि पुढच्याच फेरीला घुग्गुस ओलांडता ओलांडता दिवा लागला. माय मागच्या सीटवर झोपलेली, बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्या दिवशी ठरवलं, आता आपणच समजून घ्यायचं.

आधी दिवा कसा लागला ते पाहा. लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल तर पाय हलका करा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा. कुठल्या तरी सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात असते. तो तापून खराब झाला तर खर्च मोठा. दिवा स्थिर असेल, तापमान बरोबर असेल आणि ऑइलचा लाल दिवा लागलेला नसेल, तर सावकाश घरी पोचता येते.

मग ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर, म्हणजे कोड वाचायचा लहान स्कॅनर, घ्या. हजाराच्या आत मिळतो, मोबाइलवर अ‍ॅप टाकलं की चालतो. २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, १६ पिनांचं सॉकेट असते. तिथं तो बसतो. कोड दिसला की लगेच उडवू नका, माझी कळकळीची विनंती आहे. कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' नावाची नोंद असते: दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती फिरत होतं, किती तापलं होतं, गाडीचा वेग किती होता. कोड उडवला की तीही जाते. माझे चार महिने असेच गेले.

माझा कोड होता पी०१७१. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ही तक्रार ऑक्सिजन सेन्सरच सांगतो, म्हणून पहिला संशय त्याच्यावर जाते. पण तापाचं कारण थर्मामीटर बदलून सापडत नाही. फ्रीझ फ्रेममध्ये वेग शून्य, आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, ७८०, तापमान ९६ अंश. म्हणजे गाडी गरम होती आणि उभी होती. फाटकाजवळ कोळशाच्या ट्रकांमागं थांबलो असेन.

आता अ‍ॅपमध्ये 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' पाहा. इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवून किंवा कमी करून देतो, ते हा आकडा सांगते. शून्याच्या आसपास, दोन्हीकडं पाच-सातपर्यंत असला तर चिंता नाही. माझा उभ्या गाडीत +२१ होता. २५०० आरपीएमवर थोडा वेळ धरला तर +६ वर आला. इथंच उत्तर होतं. कुठून तरी चोरून हवा येत असेल तर इंजिन मंद चालताना तिचा वाटा मोठा असते, रेस केली की तोच वाटा किरकोळ होते. उलट चढावर, भार पडल्यावर आकडा वाढत असेल तर पेट्रोलचा फिल्टर आणि पंप तपासा. मिस्त्री एअर फिल्टरला दोष देत होता. आमच्या रस्त्यावर कोळशाच्या धुळीनं तो काळाठिक्कर होतो हे खरं, पण चोंदलेल्या फिल्टरनं सहसा हा कोड येत नाही.

गळती शोधायला मी पाण्याच्या नळीचा हातभर तुकडा घेतला. एक टोक कानाला लावलं, दुसरं इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या, सांध्यांजवळून फिरवलं. गळ्यातला दुपट्टा आधी काढून ठेवा आणि पंखा-पट्ट्यापासून हात लांब ठेवा. पंखा आपोआप सुरू होतो. पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन सुरूच करू नका. इंजिनातली ऑइलची वाफ परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हच्या रबरी नळीजवळ बारीक फुसफुस ऐकू आली. वरून नळी ठणठणीत. इंजिन बंद करून निवल्यावर खालून बोट फिरवलं तर नखाएवढी चीर, दाबली की ओठासारखी उघडायची. थंड असताना ती मिटून राहायची, रबर तापून मऊ झालं की उघडायची. नवी नळी १८० रुपयांची. तिथं साधी पाण्याची नळी लावू नका, ऑइलच्या वाफेनं ती फुगते.

तुमचा कोड दुसरा असू शकते. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, तिथं पेट्रोल नीट जळत नाही. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून पहिली आणि दुसरी अदलाबदल करा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली. तसाच राहिला तर प्लग, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर पाहा. पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड, आला म्हणून लगेच कन्व्हर्टर बदलायला निघू नका. आधी मिसफायर आणि सायलेन्सरच्या पाइपची गळती तपासा.

वेचणीनंतर कापूस भरलेल्या कोठ्याशेजारी गाडी उभी राहत असेल तर वायरी नक्की पाहा. उंदीर वरचं आवरण कुरतडतात. इंजिन चालू ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हळूच हलवा आणि अ‍ॅपमधला आकडा उडतो का बघा. वायर जोडताना बॅटरीची निगेटिव्ह काढा, सोल्डर करा, वर तापवली की आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवा. नुसती मुरडून टेप लावली तर पावसाळ्यात तांबं हिरवं पडते आणि दिवा परत येतो.

दुरुस्ती झाल्यावरच कोड उडवा. मग सकाळच्या थंड इंजिनपासून दोन-तीन फेऱ्या मारा आणि 'पेंडिंग' कोड पाहा. दिवा लागण्याआधी बिघाड तिथं दिसतो. माझा ट्रिम +३ वर आला. मेच्या उन्हात मायला चंद्रपूरला नेऊन आणलं, दिवा लागला नाही.

काढलेला जुना सेन्सर मी मिस्त्रीकडून मागून घेतला होता. तुम्हीही बदललेला पार्ट मागून घेत जा. परत लावून पाहिला तर त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये छान झुलत होतं. आता तो कापडात गुंडाळून डिक्कीत ठेवला आहे.